उकंडरावांच्या पसंतीचा वकील

जऊळक्यात कोणावरही कोर्टाची पायरी चढायची वेळ आली, की त्यानं उकंडरावांना सोबत न्यायचं असा रिवाज होता. तो कोणी पाडला हे उकंडरावांनाही ठाऊक नव्हतं, पण मोडलेला त्यांना चालत नसे. वाटणी असो, बांधाची भानगड असो की सोडचिठ्ठी असो, उकंडराव धुवट धोतर नेसून, डोक्याला फेटा गुंडाळून सकाळच्या गाडीला हजर. कायद्याचं त्यांना काही कळत होतं असं नाही. पण वाशीमच्या कोर्टात पट्टेवाला कोणत्या दारातून नाव पुकारतो, साहेब रागात असले तर कुठं उभं राहू नये, चप्पल कुठं काढावी आणि कुठं काढली तर लोक हसतात, हे सगळं त्यांना पाठ होतं. वकिलाला एवढं कळलं तरी पुष्कळ झालं, असं त्यांचं मत होतं.

त्यामुळे ग्यानबावर फौजदारी झाली तेव्हा त्यालाही पहिल्यांदा उकंडरावांचीच आठवण आली. अडचण एवढीच होती, की फिर्यादी उकंडरावच होते.

ग्यानबा रेल्वेत चाबीवाला होता. खांद्यावर हातोडा नि काखेत झेंडे घेऊन रोज आपल्या हद्दीतल्या रुळावरून चालायचं, ढिल्या झालेल्या चाव्या ठोकायच्या, आणि काही मोडलेलं दिसलं तर लाल झेंडा दाखवून गाडी थांबवायची, असं त्याचं काम. एका रविवारी भागिरथेनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ते झेंडे धुतले आणि कुंपणावर वाळत घातले. शेजारच्या उकंडरावांची बकरी आली आणि लाल झेंडा खाऊन गेली. हिरवा शेजारीच होता. बकरी असूनही तिनं त्याला तोंड लावलं नाही, हे ग्यानबाला फार लागलं. हिरव्या झेंड्यावाचून गाडी अडत नाही, ती आपली जातेच. लाल नसेल तर मात्र सरकार विचारतं.

त्यानं झेंड्याची उरलेली दांडी उचलली नि बकरीच्या मागं धावला. उकंडराव मधे आले. दांडी उकंडरावांना बसली. मग पुष्कळ बोलणं झालं, त्यात दोघांचेही मेलेले नातेवाईक कामाला आले. शेवटी उकंडराव तडक पोलीस चौकीकडे चालू लागले. ती शेजारच्या गावी होती आणि तिथवर जाईपर्यंत बहुतेकांचा राग उतरत असे. उकंडराव पायानं चपळ असल्यामुळे घोटाळा झाला.

संध्याकाळी ते परत आले ते समोरचा एक दात रुमालात बांधून.

झेंड्याची काठी आपण खांद्यावर मारली असं ग्यानबाला आठवत होतं. पण रागावलेल्या माणसाच्या आठवणीवर कोण विश्वास ठेवतो? त्यानं स्वतःही ठेवला नाही. उकंडराव त्याच्या बापाच्या वयाचे. छप्पन साली दीक्षा घ्यायला त्याचा बाप नागपूरला गेला, तेव्हा त्याच्या शेजारी डब्यात उकंडरावच बसले होते. अशा माणसाचा आपण दात पाडला, या विचारानं त्या दिवसापासून ग्यानबा त्यांच्या तोंडाकडे बघेनासा झाला.

दात पडला तर ती कायद्यात भारी दुखापत होते, ही गोष्ट तोवर दोघांनाही माहीत नव्हती. हवालदारानं ती मोठ्या आनंदानं समजावून सांगितली. कलम तीनशे पंचवीस. शिक्षा सात वर्षांपर्यंत.

"सात?" उकंडराव म्हणाले. "मी तं म्हनलं, तुमी त्याले दोन शिव्या देसान अन् सोडून देसान."

"आता हे तुमच्या हातात नाही," हवालदार म्हणाला. "आता हे सरकारच्या हातात आहे."

ग्यानबाला पकडलं तेव्हा त्याला जामीन राहायला पहिल्यांदा कोण पुढं आलं असेल, तर उकंडराव. हवालदारानं टाक खाली ठेवला आणि बराच वेळ त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. शेवटी स्टेशनवरचे चहावाले पंजाबराव जामीन राहिले.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण आदल्याच वर्षी रेल्वेचा मोठा संप होऊन गेला होता आणि साहेब लोकांचं डोकं अजून गरम होतं. ग्यानबाच्या साहेबानं त्याला बोलावून सांगितलं, "केस चालू आहे तोवर काम कर. शिक्षा लागली, अगदी एक दिवसाची लागली, तरी त्या दिवशी नोकरी संपली." ग्यानबाच्या घराण्यात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा तो पहिला. बाप मरताना त्यानं बापाचा हात धरला होता, तेव्हा बापानं मालमत्तेचं काही सांगितलं नाही, कारण ती नव्हती. नोकरी संभाळ, एवढंच म्हणाला.

समन्स आलं. वकील लावायला हवा होता.

"उकंडामामाजीले घेऊन जा," भागिरथा म्हणाली.

"तुले काही समजते का? माह्यावर केस त्यायचीच हाय."

"मंग काय झालं? त्यायच्याबिगर आजवर कोर्टात कोन गेलं? तुमी एकटे गेले तं कोनाच्याही ओट्यावर जाऊन बससान अन् तो तुमाले बुडवन."

"मी त्यायले कोन्या तोंडानं इचारू?"

"इचारू नोका. सकाळी स्टेशनावर जा फक्त."

ग्यानबा दुसऱ्या दिवशी स्टेशनावर गेला तर उकंडराव फेटा बांधून बाकावर बसले होते, आणि त्यांचा चेहरा रागानं लाल झाला होता.

"वकील पाहाले जाऊन राह्यला म्हनते," ते म्हणाले. "अन् मले साधं इचारलं नाही तुनं."

"काका, केस..."

"केस गेली चुलीत. म्हंजे केस चुलीत जात नाही, थे सरकारची हाय. पन रीत हाय का नाही काही?"

गाडीत दोघं समोरासमोर बसले. भागिरथेनं दिलेल्या फडक्यात भाकरी होत्या. त्यातली एक दुधात भिजवून वेगळी बांधली होती. ती कोणासाठी हे ग्यानबाला विचारावं लागलं नाही. उकंडरावांनीही विचारलं नाही, सरळ उचलली.

"एक ध्यानात ठेव," खाऊन झाल्यावर उकंडराव म्हणाले. "वकिलापुढं मी कोन हाय ते सांगजो नोको. वकील लोक लाजते. मी तुहा काका, बस."

"बरं."

"अन् वकील मी पाहीन. दात माहा गेला हाय. उद्या पिंजऱ्यात मले उभं राहाचं हाय, मले इचारनार तो वकील. तो असातसा असला तं गावात माही काय राहीन? लोक म्हनतीन, उकंड्याले कोन्या पोट्ट्यानं प्रश्न इचारले."

ग्यानबाला यातलं काय बरोबर आणि काय चूक ते सांगता आलं नसतं. त्याला आपली नोकरी दिसत होती, ती गाडीच्या खिडकीतून मागं मागं चालली होती. तो हो म्हणाला.

वाशीमला उतरल्यावर उकंडराव आधी एका नव्या वकिलाकडे गेले. दारावरची पाटी अजून चकाकत होती. वकील तरुण होता, त्यानं दोघांना जयभीम केला, पाणी दिलं आणि ग्यानबाला हकिगत विचारली. ग्यानबा बोलायला लागला तोच उकंडरावांनी त्याला हातानं थांबवलं.

"वकीलसाहेब, तसं नोका करू. समजा, मी फिर्यादी हाय. माहा दात पडला हाय. आता इचारा मले."

तरुण वकील गोंधळला. मग म्हणाला, "बाबा, तुमचा दात पडला?"

"पडला."

"फार दुखलं असेल."

उकंडराव उठले. बाहेर आल्यावर ते ग्यानबाला म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पोरगी द्यावी असा हाय. पन फौजदारी द्यावी असा नाही."

दुसऱ्या वकिलाकडे गर्दी होती. त्याचा आवाज बाजारापर्यंत ऐकू येत होता, आणि बाजारातले लोक त्याला त्यावरूनच ओळखत होते. उकंडरावांनी 'समजा' म्हणताच तो टेबलावर हात आपटून त्यांच्या अंगावर ओरडला, "खोटं बोलता. साफ खोटं बोलता. कोर्टाला फसवता." उकंडरावांनी थोडा वेळ वाट पाहिली. पुढं काही आलं नाही. वकिलानं घाम पुसला नि फी सांगितली.

"हा नाही," बाहेर येऊन उकंडराव म्हणाले. "वरडला, पन इचारलं काहीच नाही. मले चिल्लर भीतीसुद्धा नाही वाटली."

"मले वाटली," ग्यानबा म्हणाला.

"तुले वाटून काय कराचं हाय? तू काय साक्षीदार हायेस?"

ऊन चढलं. ग्यानबाला तिसरा वकील मिळेल अशी आशा उरली नव्हती. मिळाला तरी तो उकंडरावांना पसंत पडेल अशी तर मुळीच नव्हती. एका पानवाल्यानं सैफुद्दीन वकिलांचं घर दाखवलं. मशिदीच्या मागच्या बोळात, खाली कापडाचं दुकान आणि वर बैठक. वकील म्हातारे, हडकुळे, काळ्या कोटाच्या बाह्या कोपरावर झिजून तुळतुळीत झालेल्या. कोपऱ्यात त्यांचे मुन्शी गफ्फारमियाँ पान लावत बसले होते.

"काठी मारली?" ग्यानबाच्या हातातले केसचे कागद घेऊन चाळत वकिलांनी त्याला विचारलं. नमस्कार-चमत्कार झाला नव्हता अजून.

"मारली, साहेब."

"कुठं?"

"खांद्यावर. मले असं वाटते. पन दात पडला."

"खांद्यावर मारली आणि दात पडला," वकील म्हणाले. जसं काही कोणी त्यांना गावाचं नाव सांगितलं होतं. "बरं."

"साहेब," उकंडराव पुढं सरकले, "समजा, मी फिर्यादी हाय."

वकिलांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चष्मा नीट केला. "समजलो. काठी कुठं लागली?"

"खांद्यावर."

ग्यानबानं मान वर केली.

"मग दात कसा पडला?"

"पडला ना. हा काय." उकंडरावांनी तोंड उघडून दाखवलं.

"गेलेला दिसतो आहे. पडला कुठं?"

उकंडरावांनी तोंड मिटलं. "पडला तिथं."

"अंगणात?"

"अंगनात नाही."

"उचलला कोणी?"

"म्या."

"कुठून?"

"टेबलाखालून."

"तुमच्या घरी टेबल आहे?"

"नाही."

"मग टेबल कुठलं?"

"चौकीतलं."

गफ्फारमियाँचा पानावरचा हात थांबला.

"म्हणजे मार अंगणात खाल्ला," वकील म्हणाले, "आणि दात पोलीस चौकीत पडला."

"हवालदार जेवाले गेलता."

"त्याच्या जेवणाचा तुमच्या दाताशी काय संबंध?"

"त्याच्या नाही, साहेब. तो लवकर आलाच नाही. बसून बसून काय करनार मानूस? खिशात फुटाने होते."

खाली दुकानात कोणीतरी कापड फाडत होतं, तेवढाच आवाज.

"दात आधी हलत होता?"

"दिवाळीपासून. दोरा बांधून पाह्यला, नाही निघाला. फुटान्यानं निघाला."

ग्यानबा उकंडरावांच्या तोंडाकडे बघत होता. कित्येक दिवसांनी बघत होता. त्या मोकळ्या जागेची त्याला इतकी भीती वाटत आली होती, की ती जागा एवढीशीच आहे हे त्याला आता दिसलं. आपण दात पाडला नव्हता. काठी खांद्यावरच लागली होती, जशी आठवत होती तशी. त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं, आणि त्यामागून राग आला, पण तो फार मोठा नव्हता. त्याला जागा कमी पडली.

"काका," तो म्हणाला, "मंग तुमी बोलले काहून नाही?"

"इचारलं कोनं?" उकंडराव म्हणाले. "हवालदारानं इचारलं, दात पडला ना? म्या म्हनलं, पडला. कसा पडला असं त्यानं इचारलंच नाही. आमी कोर्टात वागलेले लोक. इचारलं तेवढ्याचं उत्तर द्याचं, जास्तीचं बोलाचं नाही. अन् मी बोलन म्हनलं तोवर त्यानं सारं लिहून टाकलं. शाईनं." मग ते वकिलांकडे वळले. त्यांचा चेहरा खुलला होता. "ग्यानबा, वकील हाच. यायनं मले पार उघडा पाडला. मले आवाजसुद्धा नाही आला, अन् मी पडलो होतो."

सैफुद्दीन वकीलही थोडे खूश झालेले दिसले. "तुम्ही काम छान वठवता," ते म्हणाले. "फिर्यादी हुबेहूब असाच असणार. त्याला चांगला ओळखता वाटतं."

उकंडरावांनी ग्यानबाकडे पाहून डोळे मिचकावले. पण ग्यानबाला आता सोंग नको होतं.

"साहेब," तो म्हणाला, "फिर्यादी थेच हायेत."

वकिलांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. उकंडराव तिथंच होते.

"आरोपी वकील करायला आला," ते सावकाश म्हणाले, "आणि फिर्यादीला बरोबर घेऊन आला."

"नाही साहेब," उकंडराव म्हणाले. "मीच घेऊन आलो त्याले."

वकील खुर्चीत पूर्ण वळले, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "गफ्फारमियाँ, या खोलीत फिर्यादी नाही. मी फिर्यादीशी एक अक्षर बोललेलो नाही."

"जी," गफ्फारमियाँ म्हणाले. "हमने तो किसीको देखाच नहीं."

"आता मी तुमच्याशी बोलतो आहे."

"बोलो साहब."

"समजा, एक फिर्यादी आहे."

उकंडराव पुढं झुकले. 'समजा' हा शब्द दुसऱ्यानं वापरलेला त्यांना नवा होता.

"या कलमात कायद्यानं एक वाट ठेवली आहे," वकील भिंतीला सांगू लागले. "ज्याला दुखापत झाली, त्यानं स्वतः साहेबांपुढं म्हणायचं, आमचं आपसात मिटलं. साहेबांनी परवानगी दिली की प्रकरण तिथंच संपलं. आरोपी निर्दोष सुटला असं धरतात."

"अन् नोकरी, साहेब?" ग्यानबा म्हणाला.

"सुटलेल्या माणसाची नोकरी कशाला जाते?"

ग्यानबानं बसल्या बसल्या खांब धरला. इतके दिवस हवालदारापासून स्टेशनमास्तरपर्यंत सगळ्यांनी त्याला सात वर्षं कशी होतात ते सांगितलं होतं. असं दारही आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. कदाचित त्यानं विचारलं नव्हतं म्हणून.

"थांबा," उकंडराव म्हणाले. "तडजोड झाली तं उलटतपासनी कधी होईन?"

वकील भिंतीकडे बघत राहिले. उत्तर गफ्फारमियाँनी दिलं. "नहीं होयेगी."

"म्हंजे? आमी सकायपासून वकील पाहून राह्यलो. असा वकील भेटला, अन् त्यानं कोर्टात तोंडच उघडाचं नाही? मले भर कोर्टात असं इचारा ना. सारं गाव येईन ऐकाले."

"काका," ग्यानबा म्हणाला, "माही नोकरी..."

"तुही नोकरी वाचतेच ना. हे मले हरवतीनच."

ग्यानबाचा खांबावरचा हात पुन्हा घट्ट झाला. उकंडराव एकदा अडून बसले की त्यांना हलवणारा माणूस जऊळक्यात जन्मला नव्हता.

"गफ्फारमियाँ," वकील म्हणाले, "समजा, त्या फिर्यादीची भर कोर्टात उलटतपासणी झाली. दात चौकीत फुटाण्यानं पडला हे निघालं. मग आरोपी सुटेल. पण साहेब फिर्यादीला विचारतील, बाबा, तू पोलिसांना खोटं का सांगितलं? आणि मग केस कोणावर होईल?"

"फिर्यादी पर," गफ्फारमियाँ म्हणाले. ते पान दुमडत होते.

"मग त्याला वकील लागेल."

"लागेंगा."

"मी तर आरोपीचा. मला त्याचं काम घेता येणार नाही."

उकंडरावांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मंग," त्यांनी विचारलं, "त्या फिर्यादीले वकील कोनता भेटन?"

"बाजार में एक है," गफ्फारमियाँ म्हणाले. "आवाज अच्छा है उनका."

उकंडरावांनी फेटा काढला, डोकं खाजवलं, फेटा पुन्हा बांधला.

"तडजोड बरी," ते म्हणाले.

वकीलपत्रावर ग्यानबानं सही केली. उकंडरावांनीही सवयीनं साक्षीदार म्हणून टाकाकडे हात नेला. गफ्फारमियाँनी टाक उचलून कानावर ठेवला. फी गफ्फारमियाँनी हळूच सांगितली, आणि उकंडरावांनी फिर्यादी असूनही ती कमी करून घेतली. निघताना वकिलांनी भिंतीला शेवटचं एक सांगितलं. "त्या फिर्यादीनं कोर्टात एकच शब्द बोलावा. हो. साहेब विचारतील, खुशीनं मिटवता का? हो. त्याच्यापुढं अक्षर नाही. फुटाणे नाहीत, दिवाळी नाही, हवालदार नाही."

"त्याले समजलं," उकंडराव म्हणाले.

तारखेच्या दिवशी कोर्टात ग्यानबा उभा होता तो वकिलांच्या झिजलेल्या बाहीकडे बघत. साहेबांकडे बघायची त्याची छाती नव्हती, आणि उकंडरावांकडे बघायची तर त्याहून नव्हती. सैफुद्दीन वकिलांनी अर्ज दिला. सरकारी वकिलांनी हरकत नसल्याचं सांगितलं. पट्टेवाल्यानं उकंडरावांचं नाव पुकारलं, तेही नेमकं त्यांनी सांगितलेल्या दारातून, आणि उकंडराव अशा चालीनं आत आले जशी काही ती त्यांचीच बैठक होती.

"तुमच्यात आपसात मिटलं आहे?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"स्वखुशीनं मिटवता?"

"हो."

ग्यानबानं श्वास सोडला.

"तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?"

"हो," उकंडराव म्हणाले.

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. सैफुद्दीन वकिलांची बाही हलली. दाराशी गफ्फारमियाँनी डोळे मिटले. ग्यानबाला वाटलं, आता आपण खाली बसावं. पिंजऱ्यात बसता येतं की नाही हे उकंडरावांनी त्याला सांगितलं नव्हतं.

"कोणाचा दबाव आहे?" साहेबांनी विचारलं. आवाज बदललेला होता.

उकंडरावांची मोठी पंचाईत झाली. एकच शब्द सांगितला होता आणि तो इथं बसत नव्हता. त्यांनी वकिलांकडे पाहिलं. वकील छताकडे पाहत होते. मग त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. विचारलेल्याचं उत्तर दिलं.

"गोजराबाईचा, साहेब."

"या कोण? आरोपीच्या नात्यातल्या?"

"नाही साहेब. माह्या. बायको हाय माही."

"काय म्हणतात त्या?"

"केस मिटवल्याबिगर घरात येजो नोको म्हनते. जेवन ओट्यावर देऊन राह्यली. थंडीचे दिवस हायेत, साहेब."

साहेबांनी रुमाल काढून तोंड पुसलं. त्यांना पुसायला बराच वेळ लागला. सरकारी वकील खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

"हा दबाव," साहेब म्हणाले, "कोर्टाच्या विचारात घेण्यासारखा नाही. परवानगी दिली. आरोपी, तुम्ही सुटला. जा."

ग्यानबा जागचा हलला नाही. पट्टेवाल्यानं त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. बाहेर ऊन होतं, माणसं होती, एक म्हातारी केळी विकत होती. सगळं जसंच्या तसं होतं आणि त्याला ते फार चांगलं वाटलं. सैफुद्दीन वकील आले, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आदेशाची नक्कल गफ्फारमियाँ काढून देतील, ती तुझ्या रेल्वेच्या साहेबांना नेऊन दाखव." उकंडरावांना मात्र ते काही बोलले नाहीत. फक्त जाता जाता समोरच्या झाडाकडे वळून म्हणाले, "समजा, मी पन्नास वर्षं अजून वकिली केली, तरी असा साक्षीदार मला मिळायचा नाही."

उकंडरावांनी ते ऐकलं. त्यांनी फेटा सरळ केला.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. गाडी सुटली तेव्हा उकंडराव सांगत होते, साहेबांनी तिसरा प्रश्न विचारला तेव्हा आपल्या मनात काय काय आलं. ग्यानबा हूं हूं म्हणत होता. मग नुसता हूं म्हणू लागला. मग तेही थांबलं. खिडकीच्या लाकडाला डोकं टेकून, तोंड थोडं उघडं ठेवून तो झोपला.

उकंडराव बोलायचे थांबले. काही वेळानं त्यांनी आपला फेटा सोडला, त्याची घडी केली आणि ग्यानबाचं डोकं हलू नये म्हणून खिडकीशी सरकवली.

जऊळकं आलं. पंजाबराव चहाची किटली घेऊन फलाटावर उभे होते, त्यांनी डब्यात पाहिलं आणि तोंडात आलेली हाक उकंडरावांनी बोट ओठांवर ठेवून तिथंच अडवली.

"मिटलं," उकंडराव खिडकीतून कुजबुजले. "भागिरथेले सांगजो. गोजराबाईलेबी."

"अन् उतरत नाही काहून?"

"त्याले झोप लागली हाय."

"मंग उठवा ना त्याले. गाडी सुटून राह्यली."

"जाऊ दे," उकंडराव म्हणाले. "पुढच्या टेशनावर उतरू. रुळानं चालत येऊ दोघं. त्याले तं रोजची सवय हाय."

गाडी हलली. पंजाबराव दोन पावलं सोबत चालले, मग थांबले, आणि किटली खाली ठेवून भागिरथेच्या घराकडे निघाले.